उंबऱ्यापासून मोजलेली वाट

तान्ह्याला नुकता डोळा लागला होता. झोळीची दोरी सोडून मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले. घरात कुठलाच आवाज नव्हता. तेवढ्यात दाराच्या चौकटीवर टक झालं. एकदाच, बोटाच्या पेराचं. तान्हा दचकला, ओठ काढून रडतो की काय असं वाटलं, पण पुन्हा झोपला.

आक्का निघाली होती.

आक्का म्हणजे माझी नणंद, ईश्वरी. ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी थोरली, म्हणजे एकोणचाळीसची. अंगात गाऊन, पाय अनवाणी आणि खांद्यावर माझ्या सासऱ्यांचा, अप्पांचा, जुना टॉवेल. तो टॉवेल धुवायला घेतला की वाळेपर्यंत ती दोरीखालून हलत नाही. कुणाशी बोलत नाही. भूक लागली तर ताट घेऊन चुलीपाशी बसते. पण घराबाहेर पाऊल टाकताना चौकटीवर एकदा बोट वाजवते आणि तिथून मोजायला लागते. मारुतीच्या पारापर्यंत तीनशे बारा. हातपंपापर्यंत एकशे एकोणनव्वद. माझी सृष्टी सहा वर्षांची आहे, ती शाळेत जायच्या आधी आक्काच्या मागं चालून शंभरापर्यंत शिकली.

दोन वर्षांमागं आम्ही तिला अपंगत्वाच्या कागदासाठी परभणीला डॉक्टरांकडं नेलं होतं. डॉक्टरांनी नाव विचारलं, बोटं किती म्हणून विचारलं, आज वार कुठला म्हणून विचारलं. आक्का पंख्याकडं बघत राहिली. कागदावर पंच्याहत्तर टक्के आलं. बाहेर फाटकापाशी आल्यावर ती म्हणाली, "एकशे चौदा." सृष्टी म्हणाली, आई, डॉक्टरांच्या दारापासून. मागं फिरून डॉक्टरांना ते सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. पण पालमची एसटी लागलेली होती.

यंदा सप्टेंबरात ओढ्याला जे पाणी आलं ते म्हाताऱ्या माणसांनीही बघितलेलं नव्हतं. सोयाबीन तर गेलंच, पण ओढा आपली जागा सोडून आमच्या रानातून वाहिला. हद्दीचे धुरे गेले, बांधावरचा लिंब मुळासकट गेला, आणि पाणी उतरल्यावर खालच्या दीड एकरात कमरेइतका गाळ बसला. सगळं एकसारखं, भाकरीच्या पिठावरून हात फिरवावा तसं. आमचं रान कुठं संपतं आणि शेजारच्या बन्सीकाकांचं कुठं सुरू होतं, तेही दिसत नव्हतं.

धुऱ्याची जागा सरकारी मोजणीवाले मशीन लावून काढून देणार होते. त्याची काळजी नव्हती. काळजी वेगळी होती. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. आपल्याच रानात, बसवून, मातीत ठेवतात. अप्पा आणि त्यांचे आईवडील, तिघं त्या खालच्या तुकड्यात होते. वर तीन दगड, त्यांच्यावर कोरलेली पिंड. ते दगड आता गाळाखाली होते आणि सरकारच्या नकाशावर त्यांची खूण नव्हती.

मंगळवारी सकाळी जेसीबी येणार होता. आमचा आणि बन्सीकाकांचा मिळून लावलेला. तो गाळ उपसून सपाट करणार, की लगेच ज्वारी पेरायची. मंगळवारी तो लावला नाही तर पुढच्या गावाला जाणार होता, आणि मग पेरणीची वेळ गेली असं समजायचं. म्हणजे मंगळवारच्या आत दगड सापडायला हवे होते. नाहीतर त्याचा दातांचा पंजा कुणाच्या अंगावर पडेल ते कोण सांगणार.

शनिवारी संध्याकाळी हे चिखलानं भरून आले. दिवसभर पहार खुपसून बघितली, कुठं दगड लागला नाही. लिंबापासून नऊ पावलं असं त्यांना आठवत होतं, पण लिंबच नव्हता. ओसरीवरच्या बाजेवर आत्याबाई, माझ्या सासूबाई, पडून होत्या. दसऱ्यापासून त्यांना धाप होती, चार पावलं चालल्या की भिंत धरायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या,

"इरेश, माजी जागा त्यांच्या डाव्या अंगाला हाय. मला घिऊन जाशील तवा उगं हितं खांद, तितं खांद करू नको."

हे उठले. हातपाय धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी पाणी घेऊन गेले तर नळाखाली पाय तसेच चिखलाचे, आणि नळ वाहत होता.

रविवारी मी तान्ह्याला आत्याबाईंजवळ ठेवून रानात गेले. ओढ्यानं आणलेले गोटे घमेल्यात भरून कडेला टाकायचे, ते माझं काम. गाळ वरून वाळलेला आणि आत मऊ. पाय पोटरीपर्यंत जायचा आणि काढताना चप्पल आतच राहायची. मग मीही चप्पल काढून ठेवली. दुपारपर्यंत कंबर अशी भरली की सरळ उभं राहायला गोट्याचा आधार घ्यावा लागला. ह्यांनी एके ठिकाणी दगड लागला म्हणून हाक मारली. दोघांनी हातांनी उकरला. तो कुणाचा तरी वाहून आलेला पाटा निघाला.

मीच म्हणाले, आक्काला आणून बघू. अप्पा असताना ती दर सोमवारी त्यांच्याबरोबर बेल घालायला यायची. अप्पांना मातीत ठेवलं त्या दिवसानंतर नऊ वर्षांत तिला रानात कुणी आणलंच नव्हतं.

ह्यांनी तिला मोटारसायकलवर बसवून डांबरीकडून आणलं. गाळाच्या कडेला उतरवलं. "आक्का, अप्पा कुठं हायेत? दाव बरं," असं तीनतीनदा विचारलं. आक्कानं एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. मग खाली बसली आणि दोन्ही कानांवर हात दाबून पुढंमागं डोलायला लागली. तिच्या तोंडातून हूं हूं असा बारीक आवाज निघत होता. मी जवळ गेले तर तिनं मला ढकललं.

बन्सीकाका त्यांच्या कडेला नाला मोकळा करत होते. फावडं रोवून उभे राहिले.

"आरं इरेश, तिला कशाला तरास देतूस? तिला सोताचं नाव सांगता येईना, अन् तू म्हाताऱ्याचा पत्ता इचारायलायस."

त्यांच्याजवळचे दोघं हसले. हे मान खाली घालून मोटारसायकल सुरू करत होते आणि ती सुरू होत नव्हती. पायानं किक मारत राहिले. आक्काला मधे बसवून मी मागं बसले. तिचं अंग घरापर्यंत थरथरत होतं, आणि घराचा उंबरा दिसल्यावर थांबलं.

सोमवारी सकाळी सडा टाकताना मी आक्का आणि सृष्टीकडं बघत होते. दोघी पाराकडं निघाल्या होत्या. टक झालं, मोजणी सुरू झाली. अर्ध्या वाटेत सृष्टीनं गोळीसाठी गाऊन धरून तिला दुकानाकडं ओढलं. पाच पावलं गेल्यावर आक्का गाऊन सोडवून मागं फिरली. तडक घरापर्यंत आली, चौकटीवर बोट वाजवलं, आणि एकपासून पुन्हा निघाली. हे मी सात वर्षं बघत आले होते. मला वाटायचं, हट्ट आहे.

सड्याची बादली मी तिथंच ठेवली.

ह्यांना म्हणाले, आपलं चुकलं. तिला रानातलं रान माहीत नाही. तिला घरापासूनचं रान माहीत आहे. तिला मधूनच नेऊन टाकलं तर ती कुठं आहे हेच तिला कळत नाही. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग आक्काकडं. आणि पहार उचलली.

मी कोपऱ्यातल्या देवळीतून बेलाची पानं घेऊन आक्काच्या हातात दिली. "आक्का, सोमवार हाय," एवढंच म्हणाले. तिनं पानांचा वास घेतला. टॉवेल खांद्यावर नीट केला. चौकटीवर टक केलं आणि पाराकडं न जाता उजवीकडं वळली. जुन्या पांदीकडं, रानात जायच्या गाडीवाटेकडं. त्या वाटेनं आता कुणी जात नाही.

आम्ही तिघं मागं. हे पहार घेऊन, मी तान्ह्याला कडेवर घेऊन, सृष्टी पदर धरून. आक्काचे ओठ हलत होते. वेग कमी नाही, जास्त नाही. बाभळीचे काटे, सांडपाण्याचा ओहोळ, काही असलं तरी पाऊल तेवढंच. ओल्या मातीत तिची पावलं उमटत होती. ह्यांनी चालता चालता दोन पावलांत पहार आडवी धरून बघितली, पुढच्या दोनांत बघितली, आणखी पुढच्या दोनांत. मला खूण केली. बोटभराचाही फरक नव्हता.

सातशे नव्वद म्हणून ती थांबली, कारण पुढं पत्रा होता.

बन्सीकाकांचा गोठा. सहा वर्षांमागं त्यांनी तो बांधला, पांद बंद पडल्यावर, पांदीच्याच जागेवर. सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आक्कानं पत्र्यावर कपाळ टेकलं. "सातशे नव्वद," म्हणाली. "सातशे नव्वद." आतली म्हैस ओरडली. आक्का डोलायला लागली. ती आता मागं फिरली, तर घरी जाऊन पुन्हा निघेल, आणि पुन्हा इथंच अडकेल. बाजूनं वळसा घालून नेलं तर मोजणी मोडेल. उद्या सकाळी जेसीबी होता.

बन्सीकाका दात घासत बाहेर आले, मागं सुमनकाकू. ह्यांनी हात जोडून सांगितलं, काका, हिला इथून सरळ जाऊ द्या. काकांचा चेहरा बदलला. इथून वाट कधी नव्हतीच, असं ते म्हणाले. वाट पलीकडून होती, पार कडेनं, मोजणीवाला आला की कागदावर बघू. बोलताना ते ह्यांच्याकडं बघत नव्हते, आक्काच्या पायांकडं बघत होते. ती पत्र्याच्या ज्या जागी उभी होती, त्याच्या बरोबर खाली जुन्या गाडीवाटेच्या चाकोरीचा दगडी काठ उघडा पडलेला होता. पावसानं मातीच धुऊन नेली होती.

 मग सुमनकाकू आत गेल्या आणि म्हशीचं दावं सोडून तिला बाहेर घेऊन आल्या. नवऱ्याला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या,

"अप्पा ह्या वाटंनं पोरीला घिऊन जायचे. मी रोज बघायची. पत्रा काढा."

काकांनी तोंडातलं थुंकून टाकलं. पाना आणला. बोल्ट गंजलेले, एक फिरेना, तर ह्यांनी पहारीनं उचकटला. पत्रा पडला तसा पलीकडचा उजेड आत आला. काका बाजूला सरकून म्हणाले,

"जा बाई. पन मोजनीवाल्याला आकडा सांगू नको."

ह्यावर कुणी हसावं असा तो विनोद होता, पण स्वतः तेही हसले नाहीत. आक्कानं शेणातून, गव्हाणीच्या कडेनं, सातशे एक्याण्णव केलं आणि पलीकडं निघाली. काका तसेच दात घासायची काडी हातात धरून आमच्या मागं चालायला लागले.

पुढं गाळ लागला. तिथून वाट अशी काही राहिलेलीच नव्हती. मोकळी, राखाडी, भेगाळलेली जमीन. आक्काचा पाय पोटरीपर्यंत जात होता तरी ती तेवढंच पाऊल टाकत होती, ओढून काढत होती, पुन्हा टाकत होती. तिचा श्वास मोठा झाला. एका जागी ती कारण नसताना डावीकडं वळली. ह्यांनी हळू आवाजात सांगितलं, तिथं बोर होती, अप्पा वळसा घालायचे. पुढं एका जागी ती कुणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला झाली. आणि मग ती वाकली. मान खाली घालून, एका हातानं वर काही तरी धरल्यासारखं करून, तीन पावलं वाकूनच गेली आणि मग सरळ झाली.

"लिंबाची फांदी," हे म्हणाले. 

लिंब महिन्यापूर्वी वाहून गेला होता. त्या फांदीखालून ती नऊ वर्षांत गेलेली नव्हती. वर आभाळाशिवाय काही नव्हतं. पण मला त्या क्षणी तिथं झाड दिसलं. मी खोटं लिहीत नाही. त्याची सावली कुठं पडत असेल तेही दिसलं. एवढं मोठं रान, त्याचे खाचखळगे, झाडं, वाटा, पाण्यानं सगळं नेलं असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. ते गेलेलं नव्हतं. आमच्याच घरात, चुलीपाशी ताट घेऊन बसत होतं.

"दोन हजार एकशे शेहेचाळीस," आक्का म्हणाली आणि थांबली. बेलाची पानं खाली ठेवली.

ह्यांनी पहार टेकवली, मारली नाही, नुसती दाबली. हातभर गेली, आणखी गेली. मग आतून आवाज आला. बारीकच. दगडावर लोखंडाचा. हे गुडघ्यावर बसले आणि हातांनी गाळ काढायला लागले. बन्सीकाकाही काडी टाकून समोर बसले. दोघांनी मिळून उकरलं. पिंडीचा वरचा गोल दिसला तेव्हा काकांनी ओल्या हातानं तो पुसला आणि हात कपाळाला लावला. आक्का उजवीकडं तीन पावलं सरकली, तिथं दुसरा. आणखी तीन, तिथं तिसरा. ह्यांनी तुरीच्या वाळल्या काड्या रोवून तिन्ही जागा बांधून घेतल्या.

आम्हाला वाटलं, झालं. पण आक्का पहिल्या, अप्पांच्या दगडाशी परत आली आणि डावीकडं, उगवतीला, चालायला लागली. अकरा पावलं. थांबली. खांद्यावरचा टॉवेल काढला, आधी डावा डोळा पुसला, मग उजवा. टॉवेल झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. इकडंतिकडं बघितलं, कुणी बघत तर नाही ना असं. मग तिथंच उभी राहिली. किती तरी वेळ. तिचे डोळे कोरडे होते.

ह्यांनी तिथंही पहार दाबली. पूर्ण गेली, काही लागलं नाही. तिथं काय न्हाई, असं म्हणून ते परत दगडांकडं वळले. मी मात्र एक गोटा उचलून तिच्या पायांपाशी ठेवला. का ठेवला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

घरी आत्याबाई बाजेवर उठून बसल्या होत्या. ह्यांनी सांगायला सुरुवात केली. पत्रा, म्हैस, वाकणं, तीन दगड. आत्याबाई नुसती मान हलवत होत्या, बरं म्हणत होत्या. मग मी त्या अकरा पावलांचं सांगितलं. टॉवेलचं सांगितलं. आधी डावा डोळा, मग उजवा, मग झटकला.

त्यांची मान थांबली.

"त्ये आसंच डोळं पुसायचे. कुनीकडं?" त्यांनी विचारलं.

उगवतीला, मी म्हणाले.

त्या बराच वेळ माझ्या मांडीवरच्या तान्ह्याकडं बघत राहिल्या. मग हळूहळू, धाप सांभाळत, एकेक शब्द ठेवत बोलल्या. ईश्वरी चार वर्षांची होती तेव्हा त्यांना एक मुलगा झाला होता. नऊ दिवसांचा होऊन गेला. ह्यांच्या आधीचा. त्या बाळंतीण, उठता येत नव्हतं. अप्पांनी त्याला टॉवेलात गुंडाळून एकट्यानं रानात नेलं, बरोबर फक्त ही पोर, घरी रडत होती म्हणून. कुठं ठेवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आत्याबाईंनी कधी विचारलं नाही. पस्तीस वर्षं खुरपायला जाताना त्या रानात पाय जपून टाकत आल्या. प्रत्येक ठिकाणी. कारण कुठंही असू शकत होता.

"हिला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "माज्या शेजारी जेवत होती. अन् मी हिला कदी इचारलंच न्हाई."

त्यांनी आक्काला जवळ बोलावलं. आक्का आली नाही, तिला कुणी हात लावलेला चालत नाही. मग आत्याबाई स्वतः भिंत धरून उठल्या, चुलीपाशी आल्या, आणि तिच्या ताटात आपल्या हातानं भाकरी मोडून ठेवली. आक्कानं भाकरीकडं बघितलं आणि खायला लागली. आत्याबाई तिथंच जमिनीवर बसल्या. 

ह्यांनी विचारलं, मग तुझी जागा डावीकडं, म्हणजे अप्पांच्या आणि त्याच्या मधे, असंच ना? आत्याबाईंनी मान हलवली. त्यांच्या तोंडावर असं काही होतं की दसऱ्यापासून मी त्यांना इतकं मोकळं बघितलेलं नव्हतं. उद्या जेसीबीवाल्याला काड्यांच्या आत येऊ द्यायचं नाही, आणि गोटा ठेवलाय तिथवर अकरा पावलं पण सोडायची, असं हे ठरवायला लागले. आत्याबाईही बोटांवर सांगायला लागल्या. ही माझी. माझ्या खाली इरेशची, त्याच्या शेजारी शिवानीची. आपलं नाव त्यात ऐकून मला कसं तरी झालं, आणि बरंही वाटलं.

"माजी?" सृष्टीनं विचारलं.

तू लग्न होऊन जाशील, तुझी तुझ्या घरी, असं आत्याबाई म्हणाल्या. सृष्टीनं ते ऐकून घेतलं. ती आक्काला चिकटून नाही, पण एक वीत सोडून बसली होती, आक्काला चालतं तेवढं अंतर ठेवून. तिनं आजीची बोटं पुन्हा एकदा मोजली, एक, दोन, तीन. मग माझ्याकडं वळली.

"आई, आक्का तर कुठल्याच घरी गेली न्हाई. मग आक्काची कितव्या पावलावर?"

आक्का जेवत होती. आत्याबाईंचं बोट तसंच वर राहिलं होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी तान्ह्याच्या तोंडावरून उगीच पदर सारखा करत राहिले.